शेडमध्ये हात घालू नये

आमच्या ह्यांचा आवाज फार मोठा आहे. घरी पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, हे कुणावर तरी रागवलेत. हे बिचारे एवढंच विचारत असतात, की खिडकी लावू का.

त्यांचा सगळा जन्म लूमवर गेला. कापड विणायच्या कारखान्याला इकडे सुरतेत खातं म्हणतात. हे कडोदऱ्याच्या एका खात्यात होते. मी एकदा डबा द्यायला गेले आणि दारातच उभी राहिले. आत पाऊल टाकवेना. तो आवाज कानाला लागत नव्हता, छातीला लागत होता. अशा ठिकाणी तोंडाने बोलून काही उपयोग नसतो. म्हणून तिथले कारागीर हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी केली की दोरा तुटला. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ येतोय, सांभाळा. कपाचा कान धरल्यासारखी बोटं केली की चहा. ह्या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी घरच्या गप्पा मारतो, आणि मधल्या कुणाला पत्ता लागत नाही.

लग्न होऊन मी धुळ्याकडून इथे आले तेव्हा मला ह्यांच्याशी बोलायची लाज वाटायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, बोलायची सवय नाही. एकच खोली, भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड. मी काही बोलले की पलीकडच्या बायका ऐकतील असं वाटायचं. मग ह्यांनी मला हातांची भाषा शिकवली. मला ती फार सोयीची पडली. भाजीत मीठ कमी असलं तर हे चिमूट दाखवायचे. मी हसले तर हेही हसायचे, आणि पलीकडे काही कळायचं नाही.

एकदा मी माहेरी निघाले होते. एसटीत खिडकीशी बसले, हे खाली लांब उभे. त्यांनी हातांनीच विचारलं, पाणी घेतलंस का? मी हातांनीच सांगितलं, घेतलं. परत कधी येशील? दिवाळीच्या आधी. तिथे गेल्यावर आईच्या हातचं खाऊन जाडी होऊन येऊ नकोस. त्यावर मी त्यांना एक खूण केली, ती इथे लिहीत नाही. शेजारची म्हातारी हे सगळं बघत होती. गाडी सुटल्यावर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिशवीतलं केळं काढून दिलं. तिला वाटलं, आम्ही दोघंही मुके. मला आता तोंड उघडायची चोरी झाली. ती नवापूरला उतरेपर्यंत मी मुकीच राहिले.

ह्यांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण आहे. माझी खूण कपाळाच्या मध्यावर बोट टेकवायचं, म्हणजे कुंकू. मुलगा लहानपणी अंगठा चोखायचा म्हणून त्याची खूण अंगठा. तो आता मिशा ठेवतो, कापडाच्या बाजारात हिशेबाचं काम बघतो, तरी बाप अंगठाच दाखवतो. मुलगा चिडतो. "आबा, आता तरी बदला!" आबा बदलत नाहीत.

हळूहळू ह्यांचे कान गेले. डॉक्टरांच्या शिबिरात कानात घालायचं यंत्र मिळालं होतं. ते दोन दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, ह्यात पंखासुद्धा लूमसारखा वाजतो, मग मी खातं सोडून काय फायदा?

मग घरात सून आली.

मुलाने आपल्या पसंतीने लग्न केलं. मुलगी सुरतेतच वाढलेली, पण घराणं नाशिककडचं. वडील शाळेत मास्तर, आई बँकेत. त्यांच्या घरी बोलणी करायला गेलो तर तिथे सगळे इतकं हळू बोलत होते, की मला वाटलं आत कुणी आजारी आहे. आमचे हे त्या बैठकीत आपल्या अहिराणीत "चहा चांगला शे!" म्हणाले तेव्हा मास्तरांच्या हातातली बशी हलली. पण माणसं भली. त्यांनी हसून घेतलं.

मुलगी मला बघताक्षणी आवडली. डोक्यावरून पदर घे असं मी तिला कधी सांगितलं नाही, सांगायची मला हिंमतही नव्हती. शिकलेली मुलगी, इंग्रजी, गुजराती, हिंदी सगळं येतं, आणि वर स्पॅनिश नावाची एक भाषा. ती कॉलेजात असताना शिकली. कामरेजच्या बाजूला एक कंपनी आहे, ती विणायच्या मशीन बाहेरच्या देशांत पाठवते. तिथे ही स्पॅनिशमध्ये लिहायचं काम करते. आठवड्यातले काही दिवस तिकडे जाते, बाकीचे दिवस घरून.

घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ह्यांना चहा करून दिला. ह्यांनी घोट घेतला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "साखर कमी शे व बेटा!"

ती कपबशी उचलून स्वयंपाकघरात आली. चहा ओतून दिला आणि नव्याने आधण ठेवलं. मी म्हटलं, "अगं, ते रागवले नाहीत. त्यांचा आवाजच तसा आहे. कान गेलेत ना."

"हो, कळलं मला, आई," ती म्हणाली. पण नुसतं कळून भीती जात नाही. त्या दिवसापासून ती चहा टीव्हीजवळच्या टेबलावर ठेवायची आणि निघून जायची. काही सांगायचं असलं तर इतक्या हळू सांगायची की मलासुद्धा दोनदा विचारावं लागे. मी एकदा म्हटलं, "जरा मोठ्याने बोलत जा त्यांच्याशी." ती म्हणाली, "सासऱ्यांवर आवाज चढवू? आई, आमच्याकडे बाबांसमोर दारसुद्धा कुणी जोरात लावत नाही."

इकडे ह्यांना वाटे, शिकलेली मुलगी आहे, आपली अहिराणी तिला गावंढळ वाटते, म्हणून बोलत नाही. तसं हे कधी म्हणाले नाहीत. पण ती खोलीतून गेली की हे मला कानाला बोट लावून दाखवत आणि मग हात असा सोडून देत. राहू दे, असा त्याचा अर्थ. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ह्यांनी तिला खूण दिली नव्हती. तिच्याबद्दल विचारायचं असलं तर नुसतं स्वयंपाकघराकडे बोट करत. एखाद्या पाहुणीबद्दल विचारावं तसं.

लग्नाला तीनेक महिने झाले असतील, घरातली ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. भांडण नाही, काही नाही. दोघं चांगली. ती त्यांच्या गोळ्या वेळेवर पुढे ठेवायची, हे तिच्या गाडीची धूळ पुसून ठेवायचे. माझा जीव मात्र तुटायचा. मला वाटायचं, हे असंच राहिलं तर एक दिवस मुलगा म्हणेल, आम्ही वेगळं घर बघतो. तो तसं काही म्हणाला नव्हता. पण मी रोज त्याच्या तोंडाकडे बघायचे.

एक दिवस दुपारी ती घरून काम करत होती. हे बाहेरच्या खोलीत खाटेवर, टीव्हीसमोर. टीव्हीचा आवाज बंद, कारण ह्यांना त्याचा उपयोग नाही आणि तिला त्रास होतो. मी गवार मोडत होते. ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर ओट्याला टेकून बसली.

"आई, तुम्ही लूम आतून बघितलाय कधी?"

"दारातून बघितलाय. का गं?"

तिने सांगितलं. मेक्सिकोला मशीन चालल्या होत्या. त्यांच्याबरोबर जायचं पुस्तक इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायचं काम तिच्याकडे होतं. सगळं झालं होतं, एक शब्द अडला होता. शेड.

मी म्हटलं, "शेड तर मलाही माहीत आहे. पत्र्याची असते. खात्यावर असते तशी."

ती हसली. पहिल्यांदाच अशी मोकळी हसली. म्हणाली, "मलाही तेच वाटलं होतं. पण ऐका ना." मग तिने मला त्या शब्दाचे अर्थ सांगितले. पत्र्याचं छप्पर म्हणजे शेड. झाडाची पानं गळतात, तेही शेड. साप कात टाकतो, ते शेड. डोळ्यांतून पाणी गाळणं, तेही शेड. मी गवार मोडायची थांबले. एवढ्या सगळ्यांना एकच शब्द, त्या इंग्रजांचं कसं भागतं? मला खूप मजा वाटली. असं कुणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून खेळायला जायचा.

"आणि आता हे वाक्य बघा," ती म्हणाली. "मशीन चालू असताना शेडमध्ये हात घालू नये. आता पत्र्याच्या छपरात हात कसा घालणार? म्हणजे मशीनचाच काहीतरी भाग आहे. शब्दकोशात विणकामाचे दोन-तीन स्पॅनिश शब्द मिळालेत, पण ती वस्तू आहे, पट्टी आहे, की भोक आहे, हे कळल्याशिवाय मी कुठला घेऊ? चुकीचा टाकला आणि कुणी हात घातला तर?"

"तुमच्या शेठला विचार."

"विचारलं. ते म्हणतात, लखी नाख ने, लिहून टाक, कोण वाचणार आहे. इंजिनियर गावाला गेलेत. आणि हे म्हणतात..." इथे ती थांबली. हे म्हणजे माझा मुलगा. "हे म्हणतात, आबांना विचार."

आम्ही दोघींनी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. हे मुक्या टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते.

"तुम्ही विचाराल का, आई?"

मला काय, मी उठले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हातांनी विचारलं: लूममध्ये शेड काय असतं? पण शेड हा शब्द हातांनी कसा करायचा? मी पत्र्याचं छप्पर दाखवलं. हे म्हणाले, "कोनं छप्पर? गळी ऱ्हायनं का?" आणि वर बघायला लागले.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "लूममध्ये! शेड! सून विचारतेय!"

ह्यांचा चेहराच बदलला. पाय खाटेखाली सोडून नीट बसले. "तिले सांग," ते म्हणाले, आणि मग आधी सूत कसं येतं, मग ते कसं भरतात, मग लूमवर कसं चढवतात, असं अगदी पहिल्यापासून सांगायला लागले. अर्धं तोंडाने, अर्धं हातांनी. मी आत येऊन जेवढं लक्षात राहिलं तेवढं तिला सांगितलं.

"आई, फक्त शेड," ती म्हणाली.

मी बाहेर गेले. "फक्त शेड!"

ह्यांनी दोन्ही हात एकमेकांपासून लांब नेले. मी आत येऊन म्हटलं, "उघडतं म्हणाले."

"काय उघडतं? झाकण?"

बाहेर. "झाकण आहे का?"

"झाकन काबरं? रस्ता शे, रस्ता!"

आत. "रस्ता आहे म्हणाले."

"रस्ता?" तिने कपाळाला हात लावला. "कुठला रस्ता? कुणाचा?"

बाहेर. माझा तर आता दम लागला होता. "कुणाचा रस्ता?"

"धोटाना!" धोटा म्हणजे आडवा दोरा घेऊन जाणारं लाकूड, एवढं मला माहीत होतं. पण त्या रस्त्यात हात कसा जातो, तो कुठे असतो, वर की खाली, हे मला काय ठाऊक? इंग्रजीतलं तिच्या मराठीत येत होतं, तिच्या मराठीतलं माझ्या हातांत, माझ्या हातांतलं ह्यांच्या अहिराणीत, आणि परत उलटं. वाटेत सगळं सांडत होतं. चौथ्या फेरीला हे वैतागले. तिच्यावर नाही, माझ्यावर. "तुले नही समजत! तिले आठे धाड! मी काय वाघ शे का?"

एवढ्या मोठ्याने की पलीकडच्या घरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी आत आले तर तिने लॅपटॉप मिटला होता. "राहू दे, आई. आबा चिडले. मी दुसरं काहीतरी बघते."

"ते चिडले नाहीत गं. तुला बोलावताहेत."

"मी गेले आणि मला कळलं नाही तर? ते ओरडले की माझं डोकंच बंद होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरांची मुलगी, कधी वर्गात मागे पडली नसेल.

मी गवार झाकून ठेवली. मग खुंटीवरची पिशवी घेतली. "कोथिंबीर संपली आहे," मी म्हटलं. "मी जाऊन येते. ते तुला एवढंच सांगताहेत, की इकडे ये. तेवढं तुला कळलंच आहे."

"आई, फ्रिजमध्ये आहे कोथिंबीर."

"ती पिवळी पडली," मी म्हटलं आणि निघाले. ह्यांना हातांनी सांगितलं, कुंकू जातंय बाजारात. ते घाबरले. मी दुपारची कधी एकटी बाहेर पडत नाही. दोघं दोन दारांत उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि मी जिना उतरले.

बाजारात मी काही घेतलं नाही. ऊन होतं. उसाच्या रसाच्या गाडीजवळ सावलीत जाऊन उभी राहिले. रसवाल्याने विचारलं तेव्हा मान हलवली. मनात नुसतं येत होतं, मी हे काय केलं? ती रडत असेल. हे ओरडत असतील आणि मग गप्प बसले असतील. ती संध्याकाळी नवऱ्याला सांगेल, तुमच्या आईने मला एकटीला टाकून दिलं. मी परत फिरायला लागले, पुन्हा थांबले. एवढा धीर धरून उभं राहणं मला कधी जमलं नव्हतं. शेवटी रस घेतलाच. तो काही गोड लागला नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हाच आवाज आला. दोन आवाज. एक ह्यांचा. दुसरा कुणाचा ते मला आधी ओळखूच आलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन ओट्यावर उभ्या होत्या. मला बघून त्या पुढे आल्या. "अरे बेन, तुम्ही कुठे होतात? तुमची वहू सासऱ्याशी भांडतेय! केव्हापासून चालू आहे."

मी तशीच जिन्याकडे धावले. जिन्यात आमच्या खान्देशातल्या दोघी-तिघी होत्याच. एक म्हणाली, "मी म्हनलंच व्हतं, शिकेल वहू आनानी नही." दुसरीने मला वाट करून दिली, पण मागेमागे आली.

दार अर्धं उघडं होतं. मी ढकललं.

खिडकीच्या गजांपासून खाटेच्या पायापर्यंत माझ्या शिवणाच्या रिळातला दोरा ताणलेला होता. एक नाही, कितीतरी दोरे, शेजारी शेजारी, पांढरे नि लाल. मधून माझ्या दोन जुन्या फुटपट्ट्या घातलेल्या. सून जमिनीवर बसली होती, ओढणी कमरेला बांधलेली, केस सुटलेले. तिच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. हे खाटेवर उकिडवे बसून एक पट्टी उभी करत होते. पट्टी उभी झाली की लाल दोरे वर जायचे, पांढरे खाली राहायचे, आणि मध्ये एक फट पडायची. सून त्या फटीतून रिमोट सरकन पलीकडे ढकलायची. मग हे ती पट्टी पाडून दुसरी उभी करत. लाल खाली, पांढरे वर, परत फट. रिमोट परत अलीकडे.

"आबा!" ती ओरडली. मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. "आबा, म्हणजे हात इथे घालायचा नाही! ह्या फटीत!"

"नही! बिल्कुल नही!" ह्यांनी आपली वाकडी करंगळी तिच्या तोंडासमोर धरली. ती करंगळी वर्षांपूर्वी धोट्याने मोडली होती. "हाई दख! धोटा येस तं बंदूकनी गोळी सारखा येस! तेस्ले नीट लिखी दे!"

"लिहिते! नीट लिहिते! पण आबा, ती फट कायम असते, का मशीन बंद झाल्यावर जाते?"

"काय?"

"फट! जाते का! बंद झाल्यावर!"

"उघडस, मिटस, उघडस, मिटस!" ह्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवले आणि शिंपल्यासारखे उघडले, मिटले, उघडले. तिने रिमोट मांडीवर ठेवला आणि त्यांच्यासारखेच आपले तळहात उघडले. "वस्तू नाही मग," ती स्वतःशीच म्हणाली, पण तेही ओरडूनच. "नुसती मधली जागा!"

माझ्यामागे दारात बायका गोळा झाल्या होत्या. मागून कुणीतरी विचारलं, "काय व्हयनं व? मारामारी करी ऱ्हायनात का?"

मी चारचौघांत कधी बोलले नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की मी आत पाणी आणायला जाते. पण त्या दिवशी मी वळले आणि म्हटलं, "भांडण नाही! माझी सून सासऱ्याजवळ लूम शिकतेय! मेक्सिकोला लिहून पाठवायचंय!"

माझाही आवाज मोठा निघाला. त्या बेन दचकल्या. मी दचकले. हे ऐकून त्या दोघांनी आमच्याकडे बघितलं, आणि सून इतकी लाजली की रिमोट ओढणीत लपवायला लागली. जिला शिकलेली वहू नको होती, तीच आत येऊन बसली. "मनी रीळ बी घ्या लागनं तं," म्हणाली, आणि दोरे बोटाने वाजवून बघायला लागली. तिचाही नवरा लूमवर होता. तिनेही खातं कधी आतून बघितलं नव्हतं.

बायका गेल्यावर सुनेने लॅपटॉप उघडला आणि खाटेवर ह्यांच्या शेजारी बसली. बघून म्हणाली, आता कळलं. शब्दकोशातल्या दोन-तीन शब्दांपैकी एक मधल्या जागेचाच होता. कालादा. तिने ते वाक्य स्पॅनिशमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, सासऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन. त्यात मानो असा एक शब्द होता, तो म्हणजे हात, असं तिने सांगितलं. ह्यांना एक अक्षर कळलं नसणार. पण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते वाचतीन का?"

"वाचतील, आबा!"

"नही वाचतीन तं? कारागीर कोठे वाचस? तू एक चित्र बी काढी दे. हात आनि फुली."

तिने खरंच कंपनीला तसं कळवलं. शेठ काय म्हणाले ते मला माहीत नाही. आमच्या घरी मात्र त्यावर दोन दिवस चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं, मेक्सिकोचं खातं असलं तरी आवाज तेवढाच असणार, म्हणजे तिथलेही हातांनीच बोलत असणार. शेठ येतोय हे ते कसं सांगत असतील, तिथल्या शेठला पोट असतं का, असं त्यांनी सुनेला विचारलं. ती म्हणाली, माहिती काढते.

आता आमच्या घरात दोन माणसं ओरडून बोलतात. खालच्या बेन म्हणतात, तुमच्याकडे दोन लूम चालू आहेत, एक जुना, एक नवा. मास्तर आणि त्यांच्या मिसेस एकदा जेवायला आले तेव्हा मुलीने "आबा, पोळी घ्या!" म्हणून आवाज दिला. मास्तरांनी ह्या वेळी हातातली बशी घट्ट धरून ठेवली, हसू दाबत. सुनेला मात्र कळलंच नाही काय झालं ते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ती कामरेजला गेली होती, यायला उशीर झाला. मी पोळ्या लाटत होते. हे दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, भूक लागली. त्यांनी तळहातावर तळहात ठेवला, शिंपल्यासारखा उघडला, मिटला, आणि मग भुवया वर केल्या. अजून आली नाही का?

मी लाटणं ठेवलं. ह्यांनी परत तीच खूण केली, जरा घाईने. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि ती आली. हेल्मेट हातात, खांद्यावर बॅग. तिने ते तळहात बघितले. एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आई, ही खूण..." ती हळू म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती वळून ओरडली, "आबा! ही मी आहे का?"

"मंग कोन?" हे ओरडले. खालच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.